नऊ दिवसांचं भांडण

मामा यायचे ते चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी, आणि जायचे दत्तजयंती आटोपल्यावर. मध्ये नऊ-दहा दिवस. तेवढ्या दिवसांत आमच्या दोंडाईच्याच्या घरी एकच भांडण चालायचं: भरीत कुणाकडचं खरं, आणि जिलेबी कुठली.

मामा म्हणजे माझ्या आजीचे, आमच्या मोठ्या मायचे, धाकटे भाऊ. तसे ते माझ्या वडिलांचे मामा; पण घरात लहानथोर सगळे त्यांना मामाच म्हणत, कोपऱ्यावरचा किराणावालासुद्धा. त्यांचं गाव यावल तालुक्यात, बामणोदच्या शेजारचं. भुसावळपर्यंत एस.टी., आणि तिथून सुरतकडे जाणारी पॅसेंजर. जळगाव, धरणगाव, अमळनेर, नरडाणा, शिंदखेडा आणि मग दोंडाईचा. गाडीतून आधी वांग्याचं पोतं उतरायचं, मागून मामा. एका वर्षी पोत्यासोबत पऱ्हाटीची मोळीही उतरली. ज्या गावात कपाशीला तोटा नाही, त्या गावात कपाशीच्या काड्या रेल्वेने आणणारा हा जगातला एकमेव माणूस असावा. विचारलं तर म्हणाले, "तुमच्याकडची पऱ्हाटी लवकर विझते." जिभाऊ तेव्हापासून त्यांना 'मोळीवाले' म्हणायला लागले, पण ते मागे.

जिभाऊ म्हणजे आजोबा. मिरचीच्या अडतीवर दिवाणजी होते. दोंडाईचाची मिरची ज्यांनी पाहिली असेल त्यांना सांगायला नको. हिवाळ्यात गावाबाहेर मोकळ्या रानात लालच्या लाल पथारी पसरलेल्या असत, आणि वारा गावाकडे वळला की शाळेत आमचा सगळा वर्ग शिंकायचा. जिभाऊंच्या धोतराला, टोपीला, हिशेबाच्या वहीलासुद्धा मिरचीचा वास होता. ते घरी आले की मांडीवर बसायला आम्ही पोरं पळत जायचो आणि दोन-दोन शिंका देऊन बसायचो. अजून कुठे मिरचीची गोणी उघडली की मला ठसका नंतर लागतो, आधी आजोबा आठवतात.

तर असे हे दोघे. एक पूर्व खानदेश, एक पश्चिम खानदेश. इंग्रजांनी १९०६ साली खानदेशचे दोन जिल्हे केले, एकाचं ठाणं जळगाव, दुसऱ्याचं धुळे. पुढे नावं बदलली, तरी म्हातारी माणसं शेवटपर्यंत 'पूर्व' आणि 'पश्चिम' हेच बोलत राहिली. बोलीही वेगळी. मामांची तावडीकडची, "काय करून राहिले जिभाऊ?" अशी; जिभाऊंची अस्सल अहिराणी. दोघांना एकमेकांचं सगळं समजायचं, फक्त पटायचं नाही.

भरताबद्दल मामांचे नियम होते. वांगं बामणोदचं, फार तर आसोद्याचं. आसोदा म्हणजे बहिणाबाईंचं माहेर, एवढं सांगून ते मिनिटभर थांबत, जणू वांग्याची गुणवत्ता तिथेच सिद्ध झाली. पोपटी-पांढरट रंगाचं, एका हातात मावणार नाही असं, बिया कमी, आणि उचललं की आकाराच्या मानाने हलकं. जड वांगं म्हणजे आत बियाच बिया. त्याला बोटाने तेल लावायचं, उघड्यावर पऱ्हाटी पेटवायची आणि भडका असतानाच वांगी आत लोटायची. पऱ्हाटीचा जाळ झपकन चढतो आणि झपकन उतरतो. तेवढ्यात साल कोळसा होते आणि आतला गर आपल्याच वाफेत शिजतो. गोवरीच्या मंद आचेवर वांगं "झोपतं", असं मामांचं म्हणणं. मग साल सोलून देठासकट बडगीत घालायचं. बडगी म्हणजे लाकडाची कोरलेली, पसरट, खोल परातीसारखी वस्तू. त्यात लाकडी दांड्याने गर ठेचायचा. पाट्यावर वाटलं की चिकट होतं, चमच्याने घोटलं की गिळगिळीत होतं. बडगीत ठेचलेल्या भरताला तंतू राहतात. त्यात हिरवी मिरची आणि लसूण ठेचून, वरून कांद्याची पात, कोथिंबीर, तेलात तळलेले शेंगदाणे आणि खोबऱ्याचे काप. सोबत कळण्याची भाकरी नाहीतर पुरी. ज्वारीत सालासकट उडीद घालून दळलं की कळणा होतो. रंगाने काळपट, दिसायला गरीब. पण ताटात ती भाकरी नसेल तर मामा भरताला हात लावत नसत.

जिभाऊंचं भांडण हिरव्या मिरचीशी होतं. मार्गशीर्षात बाजारात ओली लाल मिरची येते, सुकायला जायच्या आधीची, रसरशीत. ती लसूण-मिठाबरोबर ठेचून ते भरतात घालायला लावत. भरीत तांबूस व्हायचं. मामांना ते बघवायचं नाही. "जिभाऊ, तुम्ही वांगं खाऊन नाही राहिले, मिरची खाऊन राहिले."

"अरे भो, मिरची नही त्याले भरीत कोन म्हनी? तुमनं भरीत म्हणजे आजारी मानूसनं जेवन."

हे झालं मुख्य प्रकरण. पण भांडण वांग्यावर थांबलं असतं तर नऊ दिवस कशाला लागले असते? तिसऱ्या दिवशी दोघे इतिहासात शिरत.

मामांचा हुकमी पत्ता फैजपूर. डिसेंबर १९३६. खेड्यात भरलेलं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, उभारलेल्या नगराला टिळकनगर नाव, नंदलाल बोसांनी बांबू आणि गावातल्याच साध्या सामानातून केलेली सजावट. आणि फैजपूर कुठे? यावल तालुक्यात! आणि डिसेंबर म्हणजे? वांग्यांचा भर! मामा तेव्हा आठ वर्षांचे. त्यांच्या वडिलांनी टिळकनगरला गाडीभर वांगी पोचवली आणि मामा त्या वांग्यांवर बसून गेले, अशी ती गोष्ट. मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा एक गाडी होती. मॅट्रिक झालो तोवर चार गाड्या झाल्या होत्या. सगळ्या देशाने आमचं भरीत खाल्लं, असं ते सांगत. पण नेहरूंच्या पानात पडलं का, असं कुणी विचारलं की मामा पाण्याचा तांब्या शोधायला लागत. गर्दी किती होती हे त्यांना आठवायचं नाही. खांद्यावर बसवून कुणीतरी दिवे दाखवले, आणि परतताना गाडीत झोप लागली, एवढं मात्र दर वेळी सारखं असायचं. म्हणून ते तेवढं खरं असावं.

जिभाऊंचा पत्ता चिमठाण्याचा. चिमठाणं आमच्याच तालुक्यात. १४ एप्रिल १९४४ रोजी धुळ्याहून नंदुरबारकडे निघालेला सरकारी खजिना क्रांतिकारकांनी तिथे अडवला आणि लुटला. साताऱ्याच्या प्रतिसरकारची माणसं आली होती, जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी यांच्यासारखी, आणि इथलेही लोक बरोबर होते. जिभाऊंच्या चुलत्यांच्या मळ्यात त्या रात्री चार अनोळखी माणसं आली, भाकरी आणि लाल ठेचा खाऊन, नाव न सांगता निघून गेली, असं आमच्या घरात चालत आलंय. ते क्रांतिकारक होते की बैलबाजारातून परतणारे दमलेले शेतकरी, देव जाणे. आमच्या भागात निम्म्या घरांत त्या रात्री असेच पाहुणे जेवून गेले आहेत. सगळ्यांचं खरं मानलं तर त्या बिचाऱ्यांना पळताही आलं नसतं.

"पण ते भरीत नव्हतं ना," मामा म्हणायचे. "एप्रिलमध्ये कुठलं भरीत? ठेचाच दिला तुम्ही."

"ठेचा दिना म्हणीसनी त्या पयनात!" असं जिभाऊंचं उत्तर. ठेच्याच्या जोरावर क्रांती पळाली, असा त्याचा अर्थ. यावर मामाही हसत, आणि मग दोघे पान लावायला बसत.

मला सगळ्यात जास्त आठवतो तो बहात्तरचा मार्गशीर्ष. मी दहा वर्षांचा होतो, त्यामुळे काही पाहिलेलं, काही नंतर ऐकलेलं, आणि त्यातला सांधा आता मलाच सापडत नाही. पाऊस दगा देऊन गेला होता. रेशनवर तांबडा मिलो येत होता, परदेशातून आलेला; त्याची भाकरी थापताना मोडायची आणि खाताना घशात अडायची. माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. पोरांना सुकडी मिळायची, ती मला आवडायची, हे आता सांगायला लाज वाटते. त्या वर्षी मामा येणार नाहीत असंच सगळे धरून होते. ते आले. पोतं नव्हतं. पिशवीत चार वांगी, विहिरीच्या काठच्या दोन सऱ्यांतली. घरात आम्ही अकरा माणसं.

मोठ्या मायने चार वांग्यांचं भरीत केलं आणि ते अकरा पानांत वाढलं. कसं पुरलं ते तिलाच ठाऊक. बहुधा तिच्या पानात नव्हतंच. मिलोची भाकरी, वर लिंबाएवढं भरीत. आणि पुरुष मंडळींनी त्या लिंबाएवढ्या भरतावरून जे भांडण केलं, तसं भरल्या वर्षातही झालं नाही. मामांनी बामणोदच्या मळ्याचं वर्णन सुरू केलं, वांग्यांचे ढीग, तेलाचे डबे, शंभर-शंभर माणसांच्या पंगती. जिभाऊंनी मिरचीच्या पथारी अशा काही पसरल्या की ऐकता ऐकता आम्हाला शिंका आल्या. रात्री उशिरापर्यंत चाललं. दोघांची पोटं रिकामी होती आणि आवाज टिपेला. शेवटी चुलीमागून मोठी माय म्हणाली, "खावाले काही नही, पन बोलाले कमी नही." सगळे गप्प झाले, मग कुणीतरी हसलं. मला वाटतं माझे वडील असावेत. त्या रात्री भुकेची आठवण नाही मला. बामणोदच्या पंगतीत जेवल्याची आहे, आणि बामणोदला मी तोवर गेलोही नव्हतो.

आता जिलेबी. तिचं प्रकरण त्या मानाने साधं. मामा केळीच्या निमित्ताने बुऱ्हाणपूरला जात. बुऱ्हाणपूर म्हणजे जुन्या खानदेशची राजधानी, फारुकी सुलतानांची. मुमताजमहलनेही १६३१ साली तिथेच शेवटचा श्वास घेतला. ताजमहाल आग्र्याला गेला, पण माव्याची जिलेबी बुऱ्हाणपुरातच राहिली, असं मामा म्हणत, आणि त्यांच्या मते वाटणी योग्य झाली. जाड, मऊ, गडद तपकिरी, रमजानात तिची विक्री बघावी. ती ते कागदाच्या पुड्यात घेऊन यायचे, आणि इथे पोचेपर्यंत पुडा पारदर्शक झालेला असायचा. जिभाऊ एक कडं उचलून उजेडात धरत. "हाई जिलेबी नही. हाई गुलाबजामनी बहीण." त्यांना लागायची पातळ, कुरकुरीत, केशरी, डोळ्यांदेखत कढईत सोडलेली, आणि तीही सारंगखेड्याच्या यात्रेतली.

सारंगखेडा तापीकाठी. दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि घोड्यांचा मोठा बाजार. नऊ दिवसांचं भांडण तिथे जाऊन संपायचं, म्हणजे संपलंय असं ठरायचं. जिभाऊ घोड्यांकडे बघतही नसत. सरळ हलवायाच्या कढईपुढे उभे. पण त्याला पहिला प्रश्न ठरलेला: तूप कसलं? कारण अमळनेरचा वनस्पती तुपाचा कारखाना. १९४५ साली निघाला तो, आणि त्या तुपात तळलेलं खाल्लं की घसा धरतो अशी आमच्या घरात पक्की समजूत होती. एका आत्याबाईंच्या मते तर डोळे जातात. तरी सणाला डबा यायचाच, कारण साजूक तूप कुणाला परवडत होतं? त्याच कारखान्याचं पुढे विप्रो झालं आणि तुपाच्या डब्यातून कॉम्प्युटर निघाले. अमळनेरात ज्यांनी तेव्हा शेअर घेऊन विसरून ठेवले ते लोक सुखात आहेत. जिभाऊंनी डबे घेतले. रिकामे डबे आमच्या माळ्यावर अजून आहेत, एकात जुने हिशेब आणि एकात दिवाळीच्या पणत्या.

मध्यंतरी माझा भाचा अमेरिकेतून आला होता, उत्तर कॅरोलिनातून. त्याला हे सगळं सांगितलं तर तो म्हणाला, मामा, आमच्याकडे हुबेहूब हेच आहे. तिकडे डुकराचं मांस हिकरीच्या लाकडावर तासन्‌तास भाजतात, आणि पूर्व कॅरोलिना म्हणते चटणी व्हिनेगर-मिरचीचीच पाहिजे, पश्चिम कॅरोलिना म्हणते त्यात टोमॅटो पाहिजे. घरंच्या घरं यावरून भांडतात. गोडाचंही तसंच, तिकडचा तो भोकवाला, पाकात बुडवलेला डोनट, त्याचं एक प्रसिद्ध दुकान विन्स्टन-सेलम गावी १९३७ साली निघालं. मी मनात हिशेब केला: फैजपूरच्या पुढच्या वर्षी. त्याने दोन डोनट आणले होते. खाऊन पाहिले. जिभाऊ असते तर म्हणाले असते, बालुशाहीनं बाळ.

मामा गेले, जिभाऊही गेले. २०१६ मध्ये जळगावच्या भरताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मामांच्या नातवाने बातमीचं कात्रण फोटो काढून पाठवलं, खाली लिहिलं, 'निकाल लागला'. मला जिभाऊंचा आवाज ऐकू आला: "कागद खाता येस का?" पऱ्हाटीचेही दिवस फिरलेत. गुलाबी बोंडअळी तिच्यात दडते म्हणून बांधावर रचून ठेवू नका, शेतातच बारीक करा, असं सांगतात, आणि ते बरोबरच आहे. पण मग भडका कुठून आणायचा? आमच्या धुळ्याच्या फ्लॅटमध्ये वांगं गॅसवर भाजलं जातं. त्याला मी भाजी म्हणतो.

एक सांगायचं राहिलं. मोठी माय शेवटची दोन वर्षं अंथरुणाला खिळून होती, पण डोकं स्वच्छ. एकदा दुपारी तिच्या पायाला तेल लावत होतो. सहज विचारलं, मोठी माय, तू दोन्हीकडचं खाल्लंस. जन्म तिकडे, पन्नास-साठ वर्षं इकडे. खरं सांग, भरीत कुणाकडचं चांगलं? मला वाटलं, टाळेल. सगळा जन्म टाळलंच होतं तिने. तर लगेच म्हणाली, "माहेरनं." मी म्हटलं, म्हणजे मामा बरोबर? हिरवी मिरची?

"मिरचीनं काय लई बसनास?" ती म्हणाली. "तठे मळामा मानसं भरीत करेत. बाया बसीसन खायेत. अठे माले करनं पडे."

आणि खरंच की. मामांच्या भागात हिवाळ्यात मळ्यात भरीत-पार्ट्या होतात, तिथे जाळ पेटवायला, सोलायला, बडगीत ठेचायला बाप्येच असतात. आमच्या घरी नऊ दिवस दोन पुरुष पाटावर बसून वाद घालायचे आणि डोळ्यांत धूर घेऊन वांगी सोलायची ती एकटी. मामासुद्धा बहिणीकडे आले की पाहुणेच. चार वांगी अकरा पानांत वाढणाऱ्या बाईला निकाल विचारायला आम्हाला पंचवीस वर्षं लागली.

बडगी आता माझ्याकडे आहे. मोठ्या मायच्या माहेरची, मधोमध एक चीर गेलेली. गेली काही वर्षं चंपाषष्ठीला मी एका मित्राच्या शेतावर जातो, नरडाण्याच्या अलीकडे, आणि भरीत स्वतः करतो. बायको, सुना, बहिणी खाटेवर बसून सूचना देतात. त्या बहुतेक चुकीच्या असतात. माझं भरीत मामांच्या पासंगालाही पुरत नाही, बोटं मात्र दर वर्षी भाजतात. यंदा मित्राने कापूस घेतलेला नाही, मका लावलाय. तेव्हा कुणाकडे बांधाला मोळीभर पऱ्हाटी उरली असेल तर कळवा. वांगी मी बामणोदहून आणीन. मिरची लालच पडेल, तेवढं आधी सांगून ठेवतो.